चौकोन, प्रश्नचिन्हं आणि ¤ : मराठी मजकूर एका यंत्रावरून दुसऱ्यावर धड कसा न्यायचा

“सर, मराठी दिसत नाहीये,” असा फोन आला की मी आधी एकच विचारतो: दिसत नाही म्हणजे नेमकं काय दिसतंय? नरखेडचा ऑपरेटर म्हणतो, “चौकोन चौकोन येऊन राहिले जी.” काटोलहून उत्तर येतं, “नुसती प्रश्नचिन्हं.” हिंगण्याहून स्क्रीनशॉट येतो; त्यात डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि ¤ ही जोडी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तक्रार तिघांची एकच, पण दुखणी तीन आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर डेटा कायमचा जातो.

नागपुरातल्या ऑफिसात बसून लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करायचं, विंडोजवर एक्सेलमध्ये याद्या काढायच्या आणि तालुक्याच्या गावाहून आलेल्या फाइली डेटाबेसमध्ये चढवायच्या, असं काम ज्यांच्या गळ्यात पडलंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. परदेशी ग्राहकांच्या नावांतली फ्रेंच, जर्मन मात्रावाली अक्षरं बिघडत असतील तरी कारणं हीच असतात, म्हणून त्यांचाही उल्लेख अधूनमधून येईल.

एक सूचना आधीच. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाका; ‘उणे’ म्हणजे - हे चिन्ह. मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलंय. बाइटच्या किमती सोळाच्या पद्धतीत आहेत, म्हणजे ० ते ९ आणि पुढे ए ते एफ.

आधी लक्षण ओळखा

चौकोन दिसत असतील तर सहसा डेटा शाबूत असतो. ते अक्षर काढायला यंत्राकडे फॉन्ट नाही, एवढंच. फॉन्ट टाकला की काम झालं.

काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह, म्हणजे �, याचा अर्थ वाचणाऱ्या प्रोग्रामला यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहायची आजची नेहमीची पद्धत) अपेक्षित होतं आणि त्या नियमात न बसणारा बाइट सापडला. मूळ फाइल अजून चांगली असू शकते. पण याच अवस्थेत ‘सेव्ह’ दाबलं तर � हेच अक्षर फाइलीत लिहिलं जातं आणि मूळ बाइट जातात.

साधं ? सगळ्यात वाईट. कुठल्यातरी प्रोग्रामने अक्षर दुसऱ्या संचात बदलायचा प्रयत्न केला, तिथे त्याला जागा मिळाली नाही, आणि त्याने खरंखुरं प्रश्नचिन्ह, म्हणजे ३एफ हा बाइट लिहून टाकला. हे फाइलीतच असेल तर ते परत आणणारी कुठलीही आज्ञा नाही. बॅकअप शोधा.

¤ ची माळ दिसली तर घाबरू नका. बहुधा बाइट बरोबर आहेत, वाचणाऱ्याने चुकीचा तक्ता (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर, त्याची यादी) धरलाय. हे का होतं ते नीट समजलं की निम्मं काम सोपं होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

आस्की हा १९६३ चा संच, १२८ जागांचा. त्यात ना मराठी, ना फ्रेंच मात्रा. पुढे युरोपीय भाषांसाठी २५६ जागांचे तक्ते आले. त्यांतला लॅटिन-१ आणि त्याचा विंडोजमधला भाऊ विंडोज-१२५२ हे आपल्याला अजून छळतात. त्या तक्त्यांत डोक्यावर तिरकी रेघ असलेला फ्रेंच ई म्हणजे ई९ हा एकच बाइट. यूटीएफ-८ मध्ये तेच अक्षर सी३ ए९ असे दोन बाइट घेतं. यूटीएफ-८ केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर बेतलं. देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संचात, ०९०० ते ०९७एफ अशा १२८ जागा आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये त्यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं होतं. पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५.

आता हेच बाइट विंडोज-१२५२ च्या तक्त्यातून वाचले तर ई० म्हणजे तो रेघवाला रोमन ए, ए४ म्हणजे ¤ आणि ए५ म्हणजे जपानी येनचं ¥. म्हणून देवनागरी बिघडली की हीच चिन्हं येतात, दुसरी नाहीत. बहुतेक व्यंजनं ¤ ने येतात. ी, ु, ू, े, ो आणि हलंत ¥ ने. ¤ आणि ¥ आलटून पालटून दिसले की समजायचं, आत मराठी आहे आणि अजून जिवंत आहे.

पायरी पहिली: बाइट पाहा

पडद्यावर काय दिसतं यावर विश्वास ठेवू नका. मध्ये टर्मिनल, फॉन्ट, एडिटर असे अनेक दुभाषे बसलेले असतात. फाइलीचं नाव देऊन ‘एक्सएक्सडी’ ही आज्ञा चालवा. ती नसेल तर ‘हेक्सडंप उणे सी’, त्यातला सी मोठा. डावीकडे बाइट, उजवीकडे आस्कीतलं रूप दिसतं.

‘नागपूर’ असं दिसायला हवं: ई० ए४ ए८, ई० ए४ बीई, ई० ए४ ९७, ई० ए४ एए, ई० ए५ ८२, ई० ए४ बी०. सहा चिन्हं, अठरा बाइट. हा शब्द मी मुद्दाम पाठ करून ठेवलाय. कुठल्याही फाइलीत नागपूर सापडतंच, मग तेवढाच तुकडा तपासायचा.

सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ असे तीन बाइट दिसले तर ती यूटीएफ-८ ची खूण आहे, तिला बॉम म्हणतात. ती एक्सेलला आवडते, लिनक्सच्या स्क्रिप्टला नाही: पहिल्या ओळीतली इंटरप्रिटरची वाट त्यामुळे ओळखली जात नाही. सी३ ए० सी२ ए४ अशी सुरुवात दिसली तर मजकूर दोनदा एन्कोड झालाय, त्यावर खाली येतो. ३एफ ३एफ ३एफ दिसलं तर वर सांगितलंच आहे.

‘फाइल उणे आय’ ही आज्ञा एन्कोडिंग सांगते असं बरेच जण मानतात. ती अंदाज करते. यूटीएफ-८ बद्दलचा तिचा अंदाज सहसा बरोबर निघतो. लॅटिन-१ म्हणाली तर मात्र ‘यूटीएफ-८ नाही’ एवढाच अर्थ घ्या.

पायरी दुसरी: टर्मिनल एकटं तपासा

एसएसएच, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायची सोय, फक्त बाइट वाहून नेतं. त्यातलं एन्कोडिंग कुठलं, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणजे दोन्ही टोकांनी एकच तक्ता धरायला हवा, आणि कुठलं टोक चुकतंय ते शोधायला दोन्ही वेगळी करून पाहावी लागतात.

सर्व्हरवर लॉगिन करून ‘प्रिंटएफ’ लिहा, आणि पुढे एकेरी अवतरणात \एक्सई०\एक्सए४\एक्सए८. ही आज्ञा कुठलीही सेटिंग न विचारता ते तीन बाइट तसेच पडद्याकडे पाठवते. ‘न’ उमटला तर तुमचं टर्मिनल ठीक आहे, दोष सर्व्हरकडच्या सेटिंगमध्ये शोधा. रेघवाला ए, ¤ आणि तिसरं काहीतरी दिसलं तर टर्मिनल लॅटिन तक्ता धरून बसलंय. पुटीमध्ये (विंडोजवरून सर्व्हरवर लॉगिन करायचा प्रोग्राम) डावीकडे ‘विंडो’खाली ‘ट्रान्सलेशन’ आहे, तिथे ‘रिमोट कॅरेक्टर सेट’ यूटीएफ-८ करा. मग ‘सेशन’मध्ये परत जाऊन सेव्ह करा, नाहीतर उद्या तेच.

कधी कधी `$( अशी तीन चिन्हं येतात. हा प्रकार नेटवर्क स्विच किंवा जुन्या यंत्राला कन्सोल केबल लावली की भेटतो. सीरियल लाइन सात बिटांवर असते, प्रत्येक बाइटचा वरचा बिट कापला जातो: ई० चा ६० होतो, ए४ चा २४, ए८ चा २८, आणि आस्कीत ती अनुक्रमे `, $ आणि ( आहेत. लाइन आठ बिट आणि पॅरिटीविना करा. लिनक्सच्या बाजूला ‘एसटीटीवाय सीएस८ उणे आयस्ट्रिप’.

मराठी टाइप करून बॅकस्पेस मारल्यावर अक्षर अर्धवट जातं, कर्सर भलतीकडे उडतो, अशी तक्रार असेल तर ‘एसटीटीवाय आययूटीएफ८’ करून पाहा. त्याशिवाय कर्नल एका बॅकस्पेसला एकच बाइट पुसतं आणि दोन मागे राहतात.

पायरी तिसरी: सर्व्हरचं लोकेल

लोकेल म्हणजे भाषा आणि अक्षरसंच कुठला धरायचा याची यंत्रावरची सेटिंग. ‘लोकेल चारमॅप’ ही आज्ञा चालवा. उत्तर यूटीएफ-८ आलं तर पुढे जा. एएनएसआय_एक्स३.४-१९६८ असं विचित्र उत्तर आलं तर ते आस्कीचंच अधिकृत नाव आहे. सर्व्हरला वाटतंय की जगात १२८ च अक्षरं आहेत.

अशा वेळी ‘एलएस’ केलं तर मराठी नावाच्या फाइली प्रश्नचिन्हांत किंवा \३४०\२४४\२५० अशा आकड्यांत दिसतात. ते आठाच्या पद्धतीतले ई० ए४ ए८ च आहेत. फाइलीला काही झालेलं नाही. घाईने तिचं नाव बदलायला जाऊ नका.

‘लोकेल उणे ए’ ने यंत्रावर काय काय तयार आहे ते कळतं. डेबियन, उबंटूवर यादीत मराठी किंवा भारतीय इंग्रजी नसेल तर ‘ईटीसी’मधली ‘लोकेल.जेन’ फाइल उघडून ती ओळ खुली करायची आणि ‘लोकेल-जेन’ चालवायचं. मराठीची ओळ ‘एमआर_आयएन यूटीएफ-८’ अशी आहे, मध्ये टिंब नाही. टिंबासह शोधणाऱ्याला ती सापडत नाही आणि मराठी नाहीच असं वाटतं. नंतर ‘लोकेलसीटीएल सेट-लोकेल’ ने ‘लँग’ची किंमत ठरवा.

किंमत कुठली द्यायची? माझं मत: सर्व्हरवर ‘ईएन_आयएन’, यूटीएफ-८ सह. मराठी मजकूर दिसायला लोकेल मराठीच हवं असं काही नाही, अक्षरसंच यूटीएफ-८ हवा. त्रुटीचे संदेश इंग्रजीत राहिले की ते शोधता येतात आणि लॉग वाचणाऱ्या स्क्रिप्टही मोडत नाहीत. काहीच तयार करायची मुभा नसेल, तर ‘सी.यूटीएफ-८’ हे लोकेल बऱ्याच नव्या यंत्रांवर आयतं असतं.

प्राधान्यक्रम लक्षात असू द्या: ‘एलसी_ऑल’ सगळ्यांवर मात करतं, त्याखाली ‘एलसी_सीटाइप’, शेवटी ‘लँग’. तिन्ही मोठ्या अक्षरांत. ‘एलसी_ऑल’ कायमचं लावून ठेवू नका. एखाद्या आज्ञेपुरतं तपासायला ते आहे. कुणीतरी कधीतरी प्रोफाइलमध्ये ‘एलसी_ऑल=सी’ लिहून गेलेला असतो आणि बाकीचे दिवसभर ‘लँग’ बदलत बसतात.

दुसरा घोळ एसएसएचचा. डेबियन, उबंटूवरचा क्लायंट आपलं ‘लँग’ आणि ‘एलसी_’ ने सुरू होणारी सगळी मूल्यं सर्व्हरला पाठवतो, आणि सर्व्हर ती स्वीकारतो. तुमच्या लॅपटॉपवर मराठी लोकेल असेल आणि सर्व्हरवर ते तयारच नसेल, तर लॉगिन करताच ‘लोकेल बदलता येत नाही’ असा इशारा येतो आणि सगळं आस्कीवर घसरतं. मॅकचं टर्मिनल तर ‘एलसी_सीटाइप’ची किंमत नुसती ‘यूटीएफ-८’ पाठवतं. लिनक्सला अशा नावाचं लोकेल माहीत नसतं. उपाय: मॅकच्या टर्मिनलमधली ‘सुरू होताना लोकेल सेट करा’ ही खूण काढा, किंवा क्लायंटच्या एसएसएच सेटिंगमधली ‘सेंडएन्व्ह’ ओळ बंद करा.

आता क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी लिनक्सची सोय. हाताने चालवली की स्क्रिप्ट उत्तम यादी काढते. रात्री दोनला क्रॉनमधून तीच स्क्रिप्ट प्रश्नचिन्हांची यादी काढते. क्रॉन तुमचं प्रोफाइल वाचत नाही, त्याला जेमतेम वातावरण मिळतं. त्यात जुना जावा प्रोग्राम असेल तर तो लोकेल पाहून अक्षरसंच ठरवतो आणि आस्कीत न बसणाऱ्या प्रत्येक अक्षराचा ? करून मोकळा होतो. २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हाच ठरलेला संच झाला, पण ऑफिसांत अजून जावा ८ सुखाने नांदतोय. क्रॉनटॅबच्या वरच्याच ओळीत ‘लँग’ लिहा. जावाला ‘फाइल.एन्कोडिंग’ सांगून सुरू करा.

मधले दुभाषे

टीमक्स (एकाच टर्मिनलमध्ये अनेक सत्रं चालवणारा प्रोग्राम) जुनं असेल किंवा त्याला बाहेरचं टर्मिनल यूटीएफ-८ वाटलं नाही तर ते मराठीच्या जागी अधोरेखा छापतं. ‘टीमक्स उणे यू’, यू लहान. ‘स्क्रीन’ हा तसलाच प्रोग्राम वापरत असाल तर ‘उणे यू’, यू मोठा. चालू असलेल्या सत्रावर लोकेल बदलून भागत नाही. बाहेर पडून नव्याने जोडा.

फाइल वाचायच्या ‘लेस’ या आज्ञेत मजकुराऐवजी कोनी कंसातले आकडे आले तर ‘लेसचारसेट’ हे मूल्य, मोठ्या अक्षरांत, यूटीएफ-८ करा. फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट मराठी फाइलनावं आठाच्या आकड्यांत दाखवतं, ‘कोअर.कोटपाथ’ची किंमत ‘फॉल्स’ केली की नावं दिसतात.

व्हिम या एडिटरमध्ये दोन गोष्टींची गल्लत होते. ‘एन्कोडिंग’ म्हणजे व्हिम आतमध्ये काय धरतं, ‘फाइलएन्कोडिंग’ म्हणजे डिस्कवर काय लिहिणार. जुनी फ्रेंच नावांची फाइल बिघडलेली दिसली तर ‘फाइलएन्कोडिंग’ बदलू नका, त्याने फक्त लिहिण्याचा तक्ता बदलतो. ‘:ई ++एन्क=सीपी१२५२’ असं देऊन ती पुन्हा उघडा. नीट दिसली की मग ‘फाइलएन्कोडिंग’ यूटीएफ-८ करून सेव्ह करा.

विंडोजची बाजू

काळ्या खिडकीत ‘सीएचसीपी’ लिहिलं की चालू कोडपेज, म्हणजे अक्षरांचा तक्ता, कळतं; बहुतेकदा ४३७ असतं. ‘सीएचसीपी ६५००१’ केलं की यूटीएफ-८. मराठीसाठी विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं स्वतःचं कोडपेज कधीच नव्हतं, देवनागरी तिथे युनिकोडमधूनच आली. म्हणून युनिकोड न जाणणारा एखादा जुना हिशेबाचा प्रोग्राम मराठी घेणारच नाही, कितीही डोकं आपटा. विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांत आणि ११ मध्ये ‘रीजन’च्या ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह’ भागात सगळ्या प्रोग्रामना यूटीएफ-८ द्यायची एक खूण आहे. ती ‘बीटा’ म्हणून दिलीय आणि ती लावल्यावर काही जुनी सॉफ्टवेअरं बिनसतात. एका यंत्रावर तपासल्याशिवाय ऑफिसभर लावू नका.

पॉवरशेलच्या ५.१ आवृत्तीत > वापरून फाइल काढली तर ती यूटीएफ-१६ मध्ये लिहिली जाते. लिनक्सवर नेली की प्रत्येक रोमन अक्षरामागे एक शून्य बाइट दिसतो. पॉवरशेल ७ हे करत नाही.

एक्सेलची गोष्ट रोजची आहे. सर्व्हरवरून काढलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल) डबल क्लिक करून उघडली की ¤ ची रांग, कारण बॉम नसेल तर एक्सेल विंडोजचा जुना तक्ता धरतं. ऑपरेटर ते तसंच सेव्ह करून परत पाठवतो आणि इथून खरा घोटाळा सुरू होतो. त्याला सांगायचं: भाऊ, डबल क्लिक नाही. ‘डेटा’ टॅबमधून ‘टेक्स्ट/सीएसव्हीवरून’, आणि वरच्या खान्यात ६५००१ युनिकोड निवडा. परत पाठवताना ‘सेव्ह ॲज’मध्ये ‘सीएसव्ही यूटीएफ-८’. हे सांगून सांगून थकलात तर सीएसव्ही काढणाऱ्या स्क्रिप्टमध्येच सुरुवातीला ते तीन बॉम बाइट लिहा. मी तेच करतो.

बुटीबोरी का बिघडली, नागपूर का वाचलं

मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ आवृत्तीपर्यंत ठरलेला अक्षरसंच लॅटिन-१ होता, ८.० पासून यूटीएफ८एमबी४. जुन्या व्यवस्थेत प्रोग्राम यूटीएफ-८ बाइट पाठवायचा, जोडणी म्हणायची ‘हे लॅटिन-१’, आणि आतलं टेबल यूटीएफ-८ असेल तर डेटाबेस इमानदारीने प्रत्येक बाइटचं पुन्हा यूटीएफ-८ करायचा. जाताना-येताना तीच चूक दोनदा झाली की मजकूर बरोबर दिसतो. म्हणून वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. नवा प्रोग्राम योग्य जोडणीने आला की सगळं उघडं पडतं.

तपासायला रकान्याचं ‘हेक्स’ काढा. नागपूर ई०ए४ए८ ने सुरू होऊन अठरा बाइटचं असेल तर उत्तम. सी३ए० ने सुरू होत असेल तर दुहेरी एन्कोडिंग. न च्या तीन बाइटचे सहा झालेले असतात: सी३ ए०, सी२ ए४, सी२ ए८.

दुरुस्ती कागदावर सोपी आहे: यूटीएफ-८ मधून विंडोज-१२५२ मध्ये उलट न्यायचं, आणि जे बाइट निघतील ते यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. एन्कोडिंग बदलणाऱ्या ‘आयकॉन्व्ह’ या आज्ञेने हे केलं की नागपूर, कामठी, रामटेक सुरेख परत येतात, आणि बुटीबोरीवर आज्ञा अडकते. कळमेश्वरवरही. झिंगाबाई टाकळीवरही.

कारण विंडोज-१२५२ च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आता देवनागरीचे शेवटचे बाइट पाहा. ु चा ८१. हलंताचा ८डी. ए चा ८एफ, ऐ चा ९०, झ चा ९डी. म्हणजे ज्या शब्दात ऱ्हस्व उकार किंवा जोडाक्षर आहे तो प्रत्येक शब्द त्या रिकाम्या जागांवरून जातो. दीर्घ ऊकाराचा बाइट ८२, तिथे जागा आहे, म्हणून नागपूर वाचतं.

त्या रिकाम्या जागांशी कोण कसं वागतं यावर तुमचं नशीब ठरतं. मायएसक्यूएलचा ‘लॅटिन१’ मुळात विंडोज-१२५२ च आहे, पण तो रिकाम्या जागाही निमूट पार करू देतो. अशा टेबलातलं सगळं परत मिळतं. कडक वागणाऱ्या प्रोग्रामने तिथे ? लिहिला असेल तर बुटीबोरीचा उकार गेला, आणि तो हातानेच भरावा लागेल. म्हणून नमुन्याला नागपूर घेऊन ‘दुरुस्ती जमली’ असं जाहीर करू नका. नमुन्यात बुटीबोरी आणि झिंगाबाई टाकळी घ्याच.

दुरुस्ती शक्यतो डेटाबेसच्या आतच करा: आधी रकाना लॅटिन१ मध्ये बदलायचा, मग बायनरीत, मग यूटीएफ८एमबी४ मध्ये. क्रम हाच, आणि हे टेबलाच्या नकलेवर करायचं. फाइलींसाठी पायथनची ‘एफटीएफवाय’ ही लायब्ररी आहे, ती या रिकाम्या जागा सैल सोडते आणि आयकॉन्व्हसारखी अडत नाही. ज्या टेबलात काही नोंदी दुहेरी आणि काही चांगल्या आहेत तिथे सरसकट आज्ञा चालवली तर चांगल्या नोंदी मरतात. सी३ए० असलेल्या ओळी आधी वेगळ्या काढा.

आणि मायएसक्यूएलचा नुसता ‘यूटीएफ८’ म्हणजे तीन बाइटपर्यंतच. मराठी त्यात बसते, म्हणून बरीच वर्षं कुणाचं अडत नाही. मग कुणीतरी नावापुढे इमोजी टाकतो, ती चार बाइटची, आणि नोंद तिथेच तुटते किंवा नाकारली जाते.

वऱ्हाड शोधलं, सापडलं नाही

बाइट बरोबर, दिसायलाही बरोबर, तरी शोध लागत नाही असा एक प्रकार आपल्या भागात हमखास भेटतो. ‘वऱ्हाड’ दोन तऱ्हांनी लिहिलेला असतो. एकात ऱ हे अक्षर, हलंत आणि ह. सहा चिन्हं, १८ बाइट. दुसऱ्यात साधा र, हलंत, मग न दिसणारा जोडक, ज्याचे बाइट ई२ ८० ८डी, आणि ह. सात चिन्हं, २१ बाइट. छापलं की दोन्ही अगदी सारखे. कीबोर्ड कुठला यावर कुठलं रूप उतरतं ते ठरतं. युनिकोडचं प्रमाणीकरण, ज्याला एनएफसी म्हणतात, ते या दोघांना एक करत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते वेगळेच शब्द आहेत.

फ्रेंच ईची भानगड वेगळी: तो एकसंध किंवा ई अधिक सुटी मात्रा असा येतो, आणि ते एनएफसी मिटवतं. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवरून आलेल्या फाइलनावांत ऱ सुद्धा र आणि नुक्ता असा फोडलेला मिळतो. तोही एनएफसीने जुळतो.

जोडकवाल्या रूपासाठी आपणच नियम लावावा लागतो: र, हलंत, जोडक हे जिथे असतील तिथे ऱ, हलंत. मराठी मजकुरात हा बदल निर्धास्त करता येतो. कऱ्हाडे, गोऱ्हे, दऱ्या, सगळे एका रांगेत येतात. ॲ चंही तसंच: अ वर ॅ देऊन लिहिलेला जुना ‘अॅ’ आणि २००८ मध्ये युनिकोड ५.१ ने दिलेलं एकसंध ॲ वेगळे मोजले जातात. ‘अॅडव्होकेट’ शोधाल तर अर्धे वकील गायब. डेटा आत घेतानाच दोन्ही नियम चालवा, शोधताना नको.

अक्षरं आहेत, पण जुळत नाहीत

टर्मिनल पडदा सारख्या रुंदीच्या घरांत वाटतं. ि आधी काढायची, जोडाक्षर एकाच घरात की दोन, क्षची रुंदी किती, हे त्या घरांत नीट बसत नाही. त्यामुळे यूटीएफ-८ शंभर टक्के बरोबर असूनही काना सुटा पडतो, वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, ◌ दिसतं. हा दोष टर्मिनलचा. डेटाला हात लावू नका. लिनक्सवर ‘एमएलटर्म’ भारतीय लिप्यांसाठी विचार करून केलेलं आहे. लिनक्सच्या मूळ काळ्या कन्सोलवर, जिथे ग्राफिक्स नाही, तिथे फॉन्टला जास्तीत जास्त ५१२ आकार मिळतात. तिथे मराठीची आशा सोडा आणि एसएसएचने दुसऱ्या यंत्रावरून या. लांब मराठी मजकूर तपासायचा असेल तर फाइल ब्राउझरमध्ये उघडणं सगळ्यात सरळ.

फॉन्ट कुठले आहेत ते ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ सांगतं. रिकामं उत्तर आलं तर नोटो किंवा लोहित देवनागरी बसवा. जुन्या विंडोजवर मंगल आणि विंडोज ८ पासून निर्मला असतोच.

जुन्या डीटीपी फाइलींबद्दल थोडक्यात. महाल, गांधीबागेतल्या छपाईच्या दुकानांतून येणारा मजकूर बरेचदा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टातला असतो. तिथे एन्कोडिंग नावाची चीज नाही. रोमन अक्षरांना मराठी मुखवटे चढवलेले असतात. फॉन्ट काढला की रोमन अक्षरांची भेळ उरते. त्यावर आयकॉन्व्ह चालवणं व्यर्थ आहे. नेमक्या त्या फॉन्टसाठीचा कन्व्हर्टर लागतो, आणि नंतर रफार व वेलांट्या माणसाने डोळ्यांखालून घालाव्या लागतात.

तपासणीची फाइल

नवं यंत्र, नवी जोडणी किंवा नवा प्रोग्राम आला की एक छोटी फाइल सगळ्या वाटेने फिरवून आणा: एक्सेलमधून सीएसव्ही, सर्व्हर, डेटाबेस, परत सीएसव्ही, प्रिंटर. माझ्या फाइलीत एका ओळीत नागपूर, बुटीबोरी, कळमेश्वर, झिंगाबाई टाकळी, ऐन, वऱ्हाड दोन्ही रूपांत, ॲड. दोन्ही रूपांत, ₹, एक फ्रेंच नाव आणि एक इमोजी आहे. निघताना आणि परतल्यावर ‘डब्ल्यूसी उणे सी’ ने बाइट मोजा आणि ‘सीएमपी’ने दोन्ही फाइली ताडून पाहा. फरक आला तर सीएमपी कितव्या बाइटला आला ते सांगतं. तेवढाच भाग एक्सएक्सडीने उघडा. पहिल्याच बाइटला फरक असेल तर बहुधा बॉम चिकटलाय किंवा गळलाय. ओळींच्या शेवटी ०डी ०ए दिसले तर तो विंडोजचा ओळबदल आहे, अक्षरांचा दोष नाही.